ब्लॅकबर्न रोव्हर्स खरंच बुडतोय का? पुण्याचा म्हणून सगळे मलाच विचारतात

प्रेस्टनचा_पुणेकर

नमस्कार मंडळी, इथे बहुतेक धागे आयपीएलचे असतात त्यामुळे फुटबॉलचं विचारलेलं चालतं का माहीत नाही, पण विचारतोच. मी मूळचा सहकारनगरचा, कामासाठी दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात लँकेशायरला आलो, राहतो प्रेस्टनला आणि ऑफिस ब्लॅकबर्नला. ब्लॅकबर्न म्हणजे आपल्या इचलकरंजीसारखं गाव समजा, जुन्या कापड गिरण्यांचं, गिरण्या गेल्या आणि फुटबॉल तेवढा राहिला.

तर झालं असं की पहिल्याच महिन्यात केस कापायला गेलो. गळ्याला कापड बांधून झालं, पाणी मारून झालं, कात्री सुरू झाली, आणि न्हाव्याने नेहमीचा प्रश्न विचारला, भारतात कुठून. मी बापडा म्हणालो पुणे. कात्री थांबली. आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, म्हणजे तू त्यांच्या गावचा. मला आधी कळेचना कुणाच्या. मग भिंतीवर बोट दाखवलं, तिथे ब्लॅकबर्न रोव्हर्सने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकली तो १९९५ चा फोटो, निळे-पांढरे अर्धे-अर्धे शर्ट आणि मध्ये चषक. मग पुढची वीस मिनिटं मी ऐकून घेतलं. मी शाकाहारी आहे हो, आयुष्यात त्यांची कोंबडी खाल्ली नाही, पण तेव्हापासून टॅक्सीवाला असो नाहीतर ऑफिसातला सिक्युरिटीवाला, पुणे म्हटलं की व्हेंकीज (पुण्याची कोंबडीवाली कंपनी, या क्लबची मालक), आणि व्हेंकीज म्हटलं की मी आरोपी.

आता मी अधूनमधून मॅचला जातो. ईवूड पार्कची क्षमता ३१ हजार, माणसं असतात पंधरा-सोळा हजार, म्हणजे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाहेर जुने मालक जॅक वॉकरचा पुतळा आहे आणि आत मालक कधी दिसत नाहीत. लोक म्हणतात क्लब कंगाल आहे, मग कुणी म्हणतं मालक श्रीमंत आहेत पण पैसे अडकलेत, कुणी म्हणतं दिल्लीच्या कोर्टात काहीतरी आहे. मला खरंच समजत नाही. क्लबवर कर्ज आहे म्हणजे नक्की कुणाचं? दिल्ली हायकोर्टाचा आणि लँकेशायरच्या फुटबॉलचा काय संबंध? आणि एवढं नकोसं झालंय तर विकून मोकळे का होत नाहीत? अर्ध्या तासावरचा बरी क्लब २०१९ मध्ये लीगमधूनच हाकलला गेला, तसं याचं होईल का? कुणीतरी नीट समजावून सांगा, न्हाव्याला उत्तर द्यायचंय.

---

मधल्या_फळीतला

न्हाव्याचं वाचून हसलो पण वाईटही वाटलं. मी ऑक्टोबर २०११ ला बालेवाडीत होतो जेव्हा ब्लॅकबर्नची टीम पुण्यात येऊन पुणे एफसीशी खेळली. प्रीमियर लीगची टीम पुण्यात, विश्वासच बसत नव्हता राव, ३-० ने हरलो आम्ही पण हरल्याचं कुणाला पडलंच नव्हतं. तेव्हा वाटलेलं की आता दरवर्षी येणार, आपली पोरं तिकडे ट्रायलला जाणार, काय काय. सात महिन्यांत ते प्रीमियर लीगमधून खाली गेले आणि आजतागायत वर आलेले नाहीत. आणि पुणे एफसी? तोही २०१५ ला बंद पडला. त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या दोन क्लबांपैकी एक नाहीसा झाला आणि दुसऱ्यावर आज हा धागा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये जॅक वॉकरच्या ट्रस्टकडून क्लब घेतला २३ मिलियन पौंडांना, वर वीसेक मिलियनचं कर्ज अंगावर घेतलं. महिन्याभरात मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढला, जो टीमला आरामात मधल्या क्रमांकावर ठेवून होता. त्याच्या जागी स्टीव्ह कीन, ज्याला मॅनेजर म्हणून कसलाच अनुभव नव्हता. रोनाल्डिन्यो येणार वगैरे बातम्या, खेळाडू चिकन खातायत अशी जाहिरात, नव्याचे नऊ दिवस. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून खाली गेले आणि त्या मॅचला कुणीतरी निळं-पांढरं कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती, ते दृश्य तुमच्या न्हाव्याच्या डोक्यातून आयुष्यभर जाणार नाही.

पुढच्या एका सीझनमध्ये तर कहर. कीन सप्टेंबरात गेला, मग हेनिंग बर्ग ५७ दिवस, मग मायकल ॲपलटन ६७ दिवस. बर्गने करार मोडल्याची भरपाई मागितली आणि कोर्टाने त्याला सव्वादोन मिलियन पौंडांच्या आसपास मिळवून दिले. ५७ दिवसांचे! एवढा रोजगार तर हिंजवडीत कुणाला मिळत नाही.

---

ताळेबंद_तात्या

मी सीए आहे, डोंबिवलीला माझी प्रॅक्टिस आहे, फुटबॉल फारसं कळत नाही पण इंग्लिश क्लबांचे ताळेबंद वाचायचा छंद आहे (हसू नका, तिथे प्रत्येक क्लब ही कंपनी असते आणि सगळे हिशोब सरकारी साइटवर फुकट बघता येतात, रात्री झोप येत नसेल तर उत्तम). प्रश्नकर्त्याने तीन-चार गोष्टींचा काला केलाय तो आधी वेगळा करू.

पहिलं म्हणजे तोटा आणि बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चॅम्पियनशिप, म्हणजे तिथली दुसरी डिव्हिजन, यातला जवळपास प्रत्येक क्लब वर्षानुवर्षं तोट्यात असतो. कारण सोपं आहे. वर प्रीमियर लीगमध्ये टीव्हीचा पैसा एवढा आहे की एकदा वर गेलो की सगळं भरून निघेल या आशेवर सगळे जण ऐपतीबाहेर पगार देतात. कितीतरी क्लबांचा पगाराचा आकडा एकूण उत्पन्नापेक्षा मोठा असतो. म्हणजे तुमच्या दुकानात महिन्याला लाख रुपये गल्ला आणि पोरांचे पगार एक लाख दहा हजार, भाडं, वीज, माल वेगळा. त्यात वरून खाली घसरलेल्या टीमांना तीन वर्षांपर्यंत पॅराशूटचे, म्हणजे पडताना सावरायचे, पैसे मिळतात, पहिल्या वर्षी प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला टीव्हीच्या पैशातून मिळणाऱ्या समान वाट्याच्या ५५ टक्के, मग ४५, मग २०. ब्लॅकबर्नलाही २०१२ नंतर ते मिळाले, ते कधीच संपले, आता ते पॅराशूटवाल्यांशी स्वतःच्या चपला घालून पळतायत.

मग क्लब चालतो कसा? मालक दरवर्षी खड्डा भरतो म्हणून. व्हेंकीजने आजवर २०० मिलियन पौंडांच्या वर घातलेत. आता नीट ऐका, क्लबच्या हिशोबात हे मोठ्ठं कर्ज दिसतं पण ते बँकेचं नाही, त्यांच्याच मूळ कंपनीचं आहे, त्यावर व्याज नाही, आणि काही भाग वेळोवेळी शेअर भांडवलात बदलला गेलाय. घरातला बाप मुलाला धंद्यासाठी पैसे देतो आणि वहीत उसने म्हणून लिहून ठेवतो, तसं. तो वसुलीला येणार नाही. पण म्हणूनच ते धोक्याचंही आहे, कारण बापाने खिशात हात घालायचं थांबवलं की दुकान महिन्या-दोन महिन्यांत बंद.

क्लब बुडतो तो रोख संपल्यावर. पगाराची तारीख आणि टॅक्सची तारीख, बास, या दोनच तारखा बघायच्या. इंग्लंडात टॅक्स खात्याला २०२० च्या डिसेंबरपासून दिवाळखोरीत पुन्हा प्राधान्य मिळालंय त्यामुळे ते लवकर कोर्टात जातात. आणि एकदा क्लब दिवाळखोरीत नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेला की लीग १२ गुण कापते. डर्बी काउंटी २०२१ मध्ये गेला, १२ तिथे आणि ९ हिशोबातल्या घोळासाठी, एकूण २१ गुण गेले आणि टीम खाली. शेफील्ड वेन्सडेचं तर ताजंच आहे, २०२५ मध्ये महिनोन्‌महिने पगार उशिरा, ऑक्टोबरमध्ये प्रशासक आला आणि १२ गुण कापले. या दोघांनी आधी आपली आख्खी स्टेडियमं मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला विकून हिशोबात नफा दाखवला होता. या खिशातलं त्या खिशात.

बघा, ब्लॅकबर्ननेही २०२१ मध्ये ब्रॉकहॉलचं सीनियर ट्रेनिंग सेंटर व्हेंकीजच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे १६ मिलियनला विकलं. कारण असं की लीगचा नियम आहे, तीन वर्षांत मिळून ३९ मिलियनपेक्षा जास्त तोटा चालत नाही, आणि मालकाने वाटेल तेवढे पैसे ओतले तरी हा नियम सुटत नाही. २०१४ च्या डिसेंबरात याच प्रकारच्या नियमावरून त्यांच्यावर नवे खेळाडू घ्यायला बंदीही आली होती. मालक श्रीमंत असला म्हणून प्रश्न मिटत नाही तो असा.

दिल्लीचं संध्याकाळी लिहितो, क्लायंट आलाय.

---

मडगावकर

तात्यांचं दिल्ली येईपर्यंत मी थोडं बोलून घेतो. एका मालकाच्या खिशावर चालणारा क्लब म्हणजे काय ते गोव्यातल्या माणसाला विचारा. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, साळगावकरने दोनदा, चर्चिलने दोनदा. एके काळी देशाचा चॅम्पियन आमच्या दोन तालुक्यांत ठरायचा. मागे पैसा कुणाचा, खाणवाल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर तिकिटाच्या पैशात दिव्यांचं बिलसुद्धा निघालं नसतं. २०१६ मध्ये फेडरेशनने आय-लीग (तेव्हाची देशातली पहिली लीग) दुसऱ्या नंबरची करायचा घाट घातला तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंगने सरळ अंग काढून घेतलं, मागोमाग धेंपोनेही. कुणी दिवाळं काढलं नाही, कोर्टकचेरी नाही, मालकाला वाटलं आता पुरे, झालं. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचं २०१० ला तेच, चांगली चाललेली टीम एका पत्रकाने बंद. माझा चुलतभाऊ त्या वेळी एका क्लबाच्या अठरा वर्षांखालच्या टीमात होता (क्लबाचं नाव नको), सकाळी सरावाला गेला तर गेटवर कुलूप, आणि त्याचे बूट आतल्या कपाटात. बूट मिळायला तीन आठवडे लागले.

त्या मानाने पुण्याच्या मालकांनी पंधरा वर्षं पैसे घातले हे मी तरी कमी मानणार नाही. इथे कुणी पाच वर्षं टिकत नाही.

---

कोथरूडची_कीर्ती

मडगावकर, पैसे घातले हे खरंच आहे पण ते कुठे घातले नाहीत तेही बघा ना. ब्लॅकबर्नची महिलांची टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होती, व्यवस्थित. २०२५ च्या उन्हाळ्यात लीगने लायसन्सच्या अटी वाढवल्या, जास्त पूर्णवेळ स्टाफ, चांगल्या सोयी वगैरे, आणि मालकांनी तेवढा खर्च करायला नकार दिला म्हणून टीमने स्वतःहून माघार घेतली. मैदानावर हरून नाही, कागदावर.

आणि तात्या तुम्ही जो ३९ मिलियनचा नियम सांगितलात त्यात महिला फुटबॉल आणि अकादमीवरचा खर्च धरतच नाहीत, बरोबर ना? मी वाचलंय तसं. म्हणजे नियमाची अडचण नव्हतीच. अडचण रोख पाठवायची होती, किंवा इच्छेची. पुरुषांच्या टीममधल्या एका ठीकठाक डिफेंडरच्या पगारात काम झालं असतं असं मला तरी वाटतं. पहिल्यांदा कात्री कुठे लागते त्यावरून घरातलं कोण नावडतं ते कळतं, आमच्या आजीच्या भाषेत.

---

शाहू_स्टेडियम_उत्तर_बाजू

कोल्हापुरातनं बोलतोय. हे पौंड मिलियन बघून डोकं गरगरलं भावानो. आमच्याकडं पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, प्रत्येक टीम पेठेची नाहीतर तालमीची, मालक कोणच न्हाय. पैसा कमी पडला की पेठेत फिरायचं, कोण पाचशे देतंय कोण पाच हजार, एखादा पुढारी देतोय त्याचं पोस्टर लागतंय. बाहेरचे खेळाडू आणायचे, नायजेरियाचे बी आणलेत, त्यांची राहायची सोय कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर, जेवण शेजारच्या काकूंकडं. हिशोब कसला न् काय. पण टीम बंद पडली असं होत न्हाय कारण पेठ कुठं जाणार हाय.

माझा साधा प्रश्न हाय, त्या गावच्या पंधरा हजार माणसांनी मिळून क्लब विकत घ्यायचा की. आपला क्लब आपण चालवायचा.

---

ताळेबंद_तात्या

आलो. कीर्ती, हो, अकादमी, महिला टीम, समाजकार्य हे खर्च त्या नियमात वजा होतात, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तोच मला दिल्लीकडे घेऊन जातो.

तर दिल्ली. भारतातून परदेशात पैसे पाठवायचे तर फेमा, म्हणजे परकीय चलनाचा, कायदा लागतो. व्हेंकीजच्या परदेशी गुंतवणुकीची ईडीने चौकशी सुरू केली, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आरोप सिद्ध वगैरे काही झालेलं नाही हे स्पष्ट लिहितो, उगाच कुणी काही पसरवू नका. पण परिणाम असा झाला की २०२३ पासून क्लबला पैसे पाठवायचे तर प्रत्येक वेळी कोर्टाची परवानगी, आणि जेवढी रक्कम पाठवणार तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी इथे द्यायची. म्हणजे दहा मिलियन पाठवायला वीस मिलियनची सोय. वर तारीख पे तारीख, आपलं कोर्ट कसं चालतं ते सांगायला नको. लँकेशायरमध्ये जानेवारीची खेळाडू खरेदी-विक्रीची खिडकी साधारण महिनाभर उघडी असते आणि तिसहजारीच्या (दिल्लीचं जिल्हा कोर्ट) लायनीत, चुकलो, हायकोर्टात, सुनावणी दोन महिने पुढे जाते. आता सांगा मॅनेजर काय प्लॅन करणार?

हा नळ असा थेंबथेंब झाल्यावर क्लबकडे रोख आणायचा एकच मार्ग उरतो, पोरं विकणे. ॲडम व्हॉर्टन हे त्याचं नाव. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या अकादमीत. फेब्रुवारी २०२४ ला क्रिस्टल पॅलेसला १८ मिलियनला दिला, वर अटींचे काही, आणि चार महिन्यांत तो युरो स्पर्धेच्या इंग्लंडच्या टीममध्ये. आता यातली हिशोबाची गंमत बघा. बाहेरून ८ मिलियनला खेळाडू घेतला चार वर्षांच्या करारावर, तर दरवर्षी २ मिलियन खर्ची पडतात. दोन वर्षांनी ८ लाच विकला तर वहीत त्याची किंमत ४ उरलेली, म्हणून नफा ४. पण अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य. त्यामुळे १८ च्या १८ नफा. नियमाचाही प्रश्न सुटतो आणि पगाराचाही. म्हणून इंग्लंडात सगळीकडे गावातलीच पोरं आधी विकली जातात, ज्यांच्यासाठी लोक तिकीट काढतात नेमकी तीच. सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापणे ही म्हण या मालकांना कुणी सांगायची गरज नसावी.

शाहू स्टेडियमवाले, तुमचा प्रश्न साधा नाही, चांगला आहे. घ्यायला किती लागतील हा मुद्दाच नाही. समजा त्यांनी एक रुपयाला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वर्षाचा खड्डा तुमचा. पंधरा हजार माणसांनी वर्षाला माणशी हजार पौंड काढले, तिकीट सोडून, तर १५ मिलियन होतात, तेवढे तर चॅम्पियनशिपमध्ये काहीच नाहीत. बरी क्लबचं हेच झालं. २०१८ च्या डिसेंबरात मालकाने तो एका पौंडाला विकला. घेणाऱ्याकडे चालवायला पैसे नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने हाकललं, १८९४ पासून लीगमध्ये होता तो क्लब. एका पौंडाचा क्लब हा जगातला सगळ्यात महाग क्लब असतो.

---

मधल्या_फळीतला

तात्या दंडवत. पण एक सांगू का, सगळं दिल्लीवर ढकलू नका. कोर्टाचं २०२३ नंतरचं. त्याआधी काय होतं? २०१७ मध्ये तर तिसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले होते, प्रीमियर लीग जिंकलेला क्लब, लगेच एका वर्षात वर आले ते टोनी मोब्रेची कृपा. आणि करार संपू देण्याची सवय बघा. २०२२ मध्ये रॉथवेल, लेनिहान, न्याम्बे तिघंही फुकटात गेले. २०२३ ला ब्रेरेटन डियाझ, चिलीकडून खेळणारा, व्हियारेआलला फुकटात. हे चौघं वेळेत विकले असते तर कोर्टाच्या परवानगीची वाट बघायची वेळ आली असती का? धरलं तर चावतं सोडलं तर पळतं असं यांचं प्रत्येक खेळाडूबाबत.

आणि कागदपत्रं! जानेवारी २०२३ ला लुइस ओब्रायनला लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून उसना, आणायचं ठरलं, कागद उशिरा पोचले, लीगने नाकारलं. एक वर्षाने अमेरिकेतला डंकन मॅग्वायर विमानाने येऊन पोचला, कागदात चूक, परत गेला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी यापेक्षा वेळेवर फॉर्म भरतात. पहिल्या प्रकाराच्या वर्षी ते सातवे आले, सहाव्या सुंदरलँडइतकेच ६९ गुण, फक्त गोल फरकाने वर जायचं प्लेऑफ हुकलं. म्हणजे एक मिडफिल्डर वेळेत आला असता तर… जाऊ दे, बीपी वाढतं.

२०२५ मध्ये पुन्हा तेच, फेब्रुवारीत पाचव्या नंबरवर असताना मॅनेजर जॉन यूस्टेस डर्बीला निघून गेला. डर्बीला! जे तेव्हा खालून मोजायच्या जागी होते. माणूस पाचव्या नंबरची टीम सोडून खालच्या टीमकडे का जातो याचं उत्तर ताळेबंदात नसतं. शेवटी सातवेच आले. उन्हाळ्यात कॅप्टन ट्रॅव्हिसही डर्बीलाच गेला.

---

मडगावकर

मग तर विकतच का नाहीत बाबा? मूळ प्रश्न तोच राहिला.

---

ताळेबंद_तात्या

माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे. २३ ला घेतला, वर २०० पेक्षा जास्त घातले. आज बाजारात दुसऱ्या डिव्हिजनमधला तोट्यातला क्लब घ्यायला येणारा माणूस त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढीच किंमत देईल. आजपर्यंतचे सगळे वहीतून खोडून टाकायची तयारी असेल तर सौदा उद्या होईल. पण भारतातल्या कुटुंबाच्या धंद्यात खोडून टाकणं ही फक्त पैशाची गोष्ट नसते हो. वडिलांनी पोल्ट्रीचा एवढा व्याप उभा केला, अंड्याचा भाव ठरवणाऱ्या एनईसीसीपर्यंत, आणि पुढच्या पिढीने सगळ्या जगासमोर चूक कबूल करायची? माझे छोटे क्लायंट आहेत, बंद पडलेला गाळा वीस वर्षं भाडं भरून ठेवतात पण विकत नाहीत. इथे गाळ्यात पंधरा हजार माणसं बसतात एवढाच फरक.

आणि चौकशी चालू असलेली मालमत्ता घ्यायला गिऱ्हाईकही दबकतं. तेही आहे.

बरी क्लबसारखं होईल का या प्रश्नाला उत्तर: मला आत्ता तरी तसं दिसत नाही. बँकेचं मोठं ओझं नाही, शेफील्डसारखे पगार थकल्याचं ऐकलेलं नाही. मरणार नाही, पण अंथरुणातून उठणारही नाही, सलाईनवर. दर जानेवारीत एक अवयव विकायचा.

---

कोथरूडची_कीर्ती

म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. एवढं मोठं लिहायची गरज नव्हती तात्या.

---

प्रेस्टनचा_पुणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः तात्या. शनिवारी मुद्दाम केस कापायला गेलो, खरं तर अजून वाढले पण नव्हते. पाठ करून गेलो होतो, फेमा, बँक गॅरंटी, शून्य किमतीचं पोरगं, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मशीन बंद करून. मग म्हणाला, मला एवढं कळलं की व्हॉर्टनला विकून आलेल्या पैशात आम्ही पगार दिले. म्हटलं साधारण तसंच. मग तो जॅक वॉकरबद्दल बोलायला लागला, की तो पण एकच माणूस होता, त्याचाही खिसाच होता, स्टीलची कंपनी ३३० मिलियनला विकली होती त्याने आणि त्यातून स्ट्रायकर शिअररला आणलं, त्यामुळे खिशावर चालण्याबद्दल आम्ही तोंड उघडू शकत नाही. हे तो स्वतःच म्हणाला हां. फक्त म्हणाला, जॅक मॅचला यायचा. ९५ साली लिव्हरपूलच्या अँफील्डला शेवटच्या दिवशी हरून पण चॅम्पियन झालो, कारण तिकडे मँचेस्टर युनायटेडची मॅच बरोबरीत सुटली, तेव्हा हा माणूस चषक हातात घेऊन लहान पोरासारखा रडत होता. तुझ्या गावचे लोक शेवटचे कधी आले होते ते मला आठवत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तात्या, हे ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहितात?

केसांचे पैसे मात्र पूर्ण घेतले. वर पुण्याच्या माणसाकडून टिप अपेक्षित नसते असंही म्हणाला, आता हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे.

---

शाहू_स्टेडियम_उत्तर_बाजू

भारीच न्हावी हाय. भावा एक काम कर की, माझा भाचा अंडर सिक्स्टीन खेळतोय, मधल्या फळीत, त्याला तो निळा-पांढरा अर्धा-अर्धा शर्ट लई आवडलाय, येताना एक घेऊन ये, पैसे फोनवर पाठवतो. मागं नाव घालून मिळतंय का?

---

प्रेस्टनचा_पुणेकर

मिळतं की, नावाचे वेगळे पैसे पडतात. पण भाच्याचंच नाव घालू या. खेळाडूचं घातलं तर मी डिसेंबरात पुण्यात उतरून शर्ट कोल्हापूरला पोचेपर्यंत जानेवारी उजाडेल, आणि मग तो खेळाडू तिथे असेल याची बँक गॅरंटी मी देऊ शकत नाही. साइज सांग.